बाईच्या हातात किती पडतात ते बिलावर दिसू दे: कामगारमंत्र्यांना खुलं पत्र

मा. कामगारमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

साहेब, मी कुडाळची. साफसफाईचे ठेके घेते. माझ्याकडे २२ बायका आणि ४ पुरुष कामाला आहेत, मालवण-तारकर्लीकडची काही हॉटेलं, दोन-तीन दवाखाने, एक गाड्यांचं शोरूम आणि काही ऑफिसं अशी आमची कामं. त्याआधी पाच वर्षं मी गोव्यात एका हॉटेलात रूम केल्यात, म्हणजे बेडशीट ओढण्यापासून कमोड घासण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हाताने केलंय, त्यामुळे इथे लिहितेय त्यातलं काही ऐकीव नाही. पत्र लांबेल, पण आकडे मांडल्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही.

म्हणणं एवढंच आहे की धंदेवाले साफसफाईला जे पैसे देतात ते नक्की कशाकशाचे असतात हे कोणालाच धड माहीत नाही. बिल भरणाऱ्याला नाही, काम करणारीला तर नाहीच. आणि हे झाकलेलं राहतं म्हणूनच सगळा घोळ होतो.

गेल्या सीझनला तारकर्लीच्या एका हॉटेलवाल्या काकांनी माझं बिल काउंटरवर ठेवलं आणि मला म्हणाले, "अगो, तिका तू धा हजार देतंस आणि माझ्याकडसून चोवीस घेतंस? अर्ध्याच्या वर तूच खातंस!" माणूस चांगला आहे, वाईट बोलायचं म्हणून बोलला नाही, त्याला खरंच तसं वाटलं. बाजूला माझ्याकडे कामाला असलेली आमची काकी बादलीत मॉप पिळत उभी होती, तिने सगळं ऐकलं, आणि संध्याकाळी टेम्पोत बसल्यावर हळूच मला म्हणाली, "गो बाय, ह्या चोवीसातले माझे खयचे ता माका दाखव." मी तिथेच टेम्पोत वहीच्या पाठच्या पानावर तिला लिहून दाखवलं. तोच हिशेब तुम्हाला लिहितेय.

किमान वेतन परिमंडळाप्रमाणे, म्हणजे भागाप्रमाणे, वेगळं असतं आणि महागाईचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो, म्हणून सोपं पडावं म्हणून मूळ पगार आणि भत्ता मिळून १२,००० धरू. त्यावर मालकाचा, म्हणजे मी भरायचा, पीएफ, १२ टक्के वाटा आणि विमा-प्रशासनाचा १ टक्का असे १३ टक्के, म्हणजे १,५६०. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, जिथे लागू आहे तिथे मालकाचे ३.२५ टक्के, म्हणजे ३९०. बोनस कमीत कमी ८.३३ टक्के, म्हणजे हजार रुपये. झाले १४,९५०. आता हॉटेल आणि दवाखाना आठवड्याचे सातही दिवस चालू असतात, पण बाईला सुट्टी लागतेच, २६ दिवस ती येणार आणि उरलेल्या चार दिवसांना बदली बाई द्यायची, तिचे वरच्याच दराने २,३००. झाले १७,२५०. मग सामान: सफाईची केमिकलं, म्हणजे बाथरूमला आर-वन, फरशीला आर-टू, काचेला आर-थ्री, कमोडला आर-सिक्स, मॉप, वायपर, खराटे, कपडे, हातमोजे, गणवेश, माझ्याकडे माणशी १,२०० तरी लागतात आणि समुद्राजवळ जास्तच, कारण बोअरचं पाणी खारं असलं की नळावर आणि टाइल्सवर पांढरे डाग बसतात ते साध्या फिनेलने जात नाहीत. झाले १८,४५०. त्यावर टेम्पो, सुपरवायझर, माझं ऑफिस आणि माझा नफा सगळं मिळून १० टक्के धरले तर १,८४५, म्हणजे २०,२९५. आणि ह्या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी ३,६५३. एकूण २३,९४८. आणि काकीच्या पगारातून तिचा स्वतःचा पीएफ १२ टक्के आणि ईएसआय ०.७५ टक्का कापून तिच्या हातात पडतात १०,४७०.

ग्रॅच्युइटी आणि भरपगारी रजा तर मी ह्यात धरल्याच नाहीत, त्या धरल्या तर आकडा अजून वर जातो.

काकीने कागद घडी करून ब्लाउजात ठेवला. तिला पहिल्यांदा कळलं की तिच्या नावावर महिन्याला पीएफ किती जमा व्हायला हवा. तोवर तिला वाटायचं पीएफ म्हणजे पगारातून कापलेले पैसे, ते गेले ते गेले. ह्याआधी चार वर्षं ती दुसऱ्या ठेकेदाराकडे होती, तिथे पगारातून कापायचे, पण तिला यूएएन, म्हणजे पीएफचा स्वतःचा नंबरच कधी दिला नव्हता, आणि आता शोधायला गेलो तर खात्यात एक रुपया नाही.

आता जीएसटीचं बघा साहेब, कारण हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. शोरूमवाल्याला माझ्या बिलातले १८ टक्के क्रेडिट म्हणून परत मिळतात, म्हणजे त्याने स्वतः भरायच्या जीएसटीतून वजा होतात, त्यामुळे त्याला त्याचं काही वाटत नाही. पण रेस्टॉरंटवाला ५ टक्क्यांत बसतो, त्याला क्रेडिट नाही. दवाखान्याची सेवा जीएसटीतून माफ आहे म्हणून डॉक्टरलाही क्रेडिट नाही. आणि सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारापर्यंतच्या रूम ५ टक्क्यांवर आल्या त्याही क्रेडिटशिवाय, म्हणजे आमच्याकडची जवळपास सगळी हॉटेलं आलीच त्यात. ह्या सगळ्यांना माझ्या बिलातले साडेतीन हजार अंगावरच घ्यावे लागतात. मग ते काय करणार, वर्षाला २० लाखांच्या आतला, जीएसटी नसलेला, रोखीत काम करणारा माणूस बघणार. त्यांना मी दोष देत नाही. पण त्या रोखीच्या माणसाकडे पीएफ नसतो, बदली बाई नसते, मोजेपण नसतात.

मोज्यांवरून सांगते. दोन वर्षांपूर्वी एका लॉजवर माझ्याकडे कामाला नसलेली एक मुलगी, विशीतली, बंद बाथरूममध्ये ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतून घासत होती, कारण तिच्या ठेकेदाराने तिला तेवढंच दिलेलं. ती खोकत खोकत बाहेर आली आणि पायरीवर बसली, डोळे लाल, बोटांची टोकं पांढरी पडलेली, साल निघत होती. त्या दोन वस्तू एकत्र आल्या की क्लोरीन वायू सुटतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही तिला वाऱ्याला बसवलं, हात पाण्याखाली धरायला लावले. ॲसिडने कमोड झकास पांढरा होतो, लॉजवाला खूश होतो, पण नळाचं पॉलिश काळं पडतं, फरशीची चमक जाते, आणि त्या मुलीच्या छातीचं काय होतं ते कुठल्याच कोटेशनमध्ये येत नाही.

आणि सगळ्यात जास्त दुखतं ते सरकारी टेंडरचं. आमच्या जिल्ह्यातल्या एका कार्यालयाची सफाई मी दोन वर्षं केली. परत टेंडर निघालं तेव्हा एकाने सगळं धरून माणशी १३,५०० भरले. साहेब, वरच्या हिशेबात नुसता पगार, मालकाचा पीएफ आणि ईएसआय मिळूनच १३,९५० होतात, मॉपचा दांडासुद्धा त्यात नाही! मी विचारलं, हा माणूस पगार कुठून देणार, तर उत्तर आलं की एल-वनलाच, म्हणजे सगळ्यात कमी दर भरणाऱ्यालाच, द्यावं लागतं, आमच्या हातात नाही. ठेकेदार बदलला, बायका त्याच राहिल्या, कारण त्यांना घराजवळचं काम सोडवत नाही. आता त्यांना ७,५०० रोख मिळतात. दुसरीकडे तर असंही चालतं की पगार पूर्ण बँकेत टाकायचा, म्हणजे कागद बरोबर, आणि मग बाईला एटीएमवर नेऊन वरचे काढून घ्यायचे. ही गोष्ट इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

हिशेब न करता सुद्धा कळतं की असा दर कायद्यात बसूच शकत नाही. मग तो दर मंजूर करणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही का? ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने, म्हणजे ज्याच्याकडे काम चालतं त्याने, द्यायचा हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून लिहिलेलं आहे. पण महाराष्ट्रात तो कायदा लागू व्हायची रेषा २० माणसांवरून ५० वर नेली. आमच्या सिंधुदुर्गात, जो १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे, त्यात सफाईला ५० ठेक्याची माणसं असलेलं हॉटेल मला दाखवा. पीएफची रेषा २० वर आहे, म्हणून कित्येक ठेकेदारांच्या कागदावर कायम १९ माणसं असतात आणि बाकीची वहीत.

पावसाळ्याचंही लिहायला हवं. जून लागला की किल्ल्याची होडी बंद, वॉटर स्पोर्ट बंद, पर्यटक नाही, आणि हॉटेलवाला पहिला फोन मला करतो की गणपतीपर्यंत माणसं नकोत. खरं तर सगळ्यात जास्त सफाई तेव्हाच लागते, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, गाद्यांना वास, एसीत बुरशी, भिंतीला ओल, लाल मातीचे पाय रूमपर्यंत. चार महिने बंद ठेवून ऑक्टोबरात एकदम डीप क्लीनिंगला बोलावतात तेव्हा एका रूमला जे दोन तास लागतात ते महिन्यातून दोनदा उघडून पुसली असती तर वीस मिनिटांत झालं असतं. मी आता काही मालकांना वर्षाचा एकच दर देते, पावसात निम्मी माणसं आणि सीझनला पूर्ण, त्यांना एकूण खर्च कमी पडतो आणि माझ्या बायकांची चूल बंद होत नाही. तीन हॉटेलं तयार झाली. बाकीच्यांना हा हिशेब समजावून सांगणारं कोणी नाही, एकटी मी किती दारं फिरू.

म्हणून मागते ते ऐका. साफसफाईच्या प्रत्येक कोटेशनवर आणि बिलावर पगार, पीएफ, ईएसआय, बोनस, बदली, सामान, ठेकेदाराचा वाटा आणि जीएसटी हे वेगवेगळे दाखवायची सक्ती करा, आणि बिलासोबत मागच्या महिन्याचं पीएफचं चलन लावल्याशिवाय सरकारी कार्यालयाने तरी पैसे सोडू नयेत. कायद्याच्या पगाराखाली जाणारा दर उघडतानाच बाद व्हायला पाहिजे, तो एल-वन असूच शकत नाही. भत्ता जानेवारी-जुलैला वाढतो तसा ठेक्याचा दरही आपोआप वाढू दे, नाहीतर दोन वर्षांच्या ठेक्यात ती वाढ कोणाच्या तरी पोटातून काढली जाते आणि ते पोट कोणाचं हे तुम्हाला माहीत आहे. आणि परिमंडळाप्रमाणे हाच हिशेब साध्या मराठीत एका पानावर छापून नगरपंचायतीत, ग्रामपंचायतीत, बँकेत लावा, सहा महिन्यांनी बदलत जा. हॉटेलवाल्याला कळेल की २४ हजारात मी काय खाते आणि काय नाही, आणि काकीला कळेल की तिचं काय. जीएसटी तुमच्या खात्यात येत नाही हे मला समजतं, पण मंत्रिमंडळात अर्थमंत्र्यांच्या बाजूलाच बसता, तेवढं एक बोला.

तारकर्लीच्या त्या काकांना मी नंतर तोच वहीचा कागद दाखवला. चष्मा लावून दोनदा वाचला, आणि विचारलं, "मगे जो दुसरो ठेकेदार बारा हजारात माणूस देतंय म्हणता, तो तिका काय देता?" मी म्हटलं, तेच तुम्ही त्याला विचारा.

पुढच्या महिन्यात त्या सरकारी कार्यालयाचं टेंडर परत निघतंय. मी माझा पूर्ण दर भरणार आहे, प्रत्येक आकडा वेगळा लिहून, आणि हे पत्र त्याच पाकिटात घालणार आहे.

आपली,
सफाईचे ठेके घेणारी एक बाई
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग