तक्रार: वैश्विक दर्शकाच्या पट्ट्या डबीतल्या रंगतक्त्याशी जुळत नाहीत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: सामू (पीएच) १ ते १४ मोजण्याच्या दर्शक पट्ट्यांच्या तीन डब्या सदोष निघाल्याबाबत (दुसरे पत्र)

महोदय,

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आपल्या कंपनीच्या पट्ट्या आम्ही प्रयोगशाळेत गेली काही वर्षे वापरतो आणि आजवर तक्रारीला जागा नव्हती. या खेपेच्या तिन्ही डब्यांतल्या पट्ट्या मात्र चुकीचा सामू दाखवतात. पहिल्या पत्राला आपले उत्तर आले, पण त्याने प्रश्न सुटला नाही, म्हणून सगळा तपशील देऊन पुन्हा लिहीत आहे.

हे लक्षात आले ते वर्गात. मुलांना खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू काढायचा होता. हे द्रावण सौम्य आम्लारिधर्मी असते, सामू ८.३ च्या आसपास (७ च्या खाली आम्ल, ७ च्या वर आम्लारी). एका मुलीने पट्टी बुडवली, झटकली, तक्त्याशेजारी धरली आणि वहीत ६ लिहिले. मग शेजारच्या मुलाने पुस्तक दाखवल्यावर तिने ६ खोडून ८ केले. मी विचारले तर म्हणाली, "बाई, माझंच बघण्यात चुकलं असेल." तिचे काहीही चुकले नव्हते. तीच पट्टी मी खिडकीपाशी नेऊन तक्त्यावरून सरकवत पाहिली. किंचित हिरवट झाक असलेला पिवळा रंग ६ च्या चौकोनाशी तंतोतंत जुळत होता. मुलीने डोळ्यांना दिसले तेच लिहिले होते आणि आपल्या डबीमुळे तिला ते खोडावे लागले. मला सगळ्यात जास्त लागले ते हेच.

८.३ च्या जागी ६ म्हणजे थोडासा फरक, असे कृपया म्हणू नये. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते. १९०९ मध्ये सोरेन्सन यांनी ती मांडली तेव्हापासून तिचा अर्थच तो आहे. एका अंकाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहापट फरक. इथे तो सुमारे दोनशेपट होतो, शिवाय आम्लारिधर्मी पदार्थ आम्लाच्या बाजूला जाऊन बसतो.

शाळा सुटल्यावर मी ४, ७ आणि ९.२ सामूची ताजी बफर द्रावणे, म्हणजे सामू ठरलेला आणि सहजी न हलणारी द्रावणे, तयार केली आणि तिन्ही डब्यांतल्या पट्ट्या प्रत्येकात बुडवल्या. ४ च्या द्रावणात रंग बरोबर आला. ७ मध्ये पट्टी ६ च्या खाली अडकली. ९.२ मध्ये तर नुसती हिरवी झाली, म्हणजे तक्त्यानुसार ७. आम्लाच्या बाजूला पट्टी ठीक आहे आणि जसजसे आम्लारीकडे जावे तसतशी मागे पडते. वैश्विक दर्शक हे अनेक रंगद्रव्यांचे मिश्रण असते. त्यात मिथिल रेड साधारण ४.४ ते ६.२ मध्ये रंग बदलते, ब्रोमोथायमॉल ब्लू ६ ते ७.६ मध्ये आणि थायमॉल ब्लू ८ च्या पुढे. माझ्या अंदाजाने या खेपेत निळ्याकडे नेणारी रंगद्रव्ये कमी पडली आहेत. कारण दुसरेही असेल, ते आपणच तपासू शकता.

मागच्या डबीतल्या आठ पट्ट्या कपाटात उरल्या होत्या. त्याच ९.२ च्या द्रावणात जुनी पट्टी निळसर झाली आणि नव्या डबीतल्या तक्त्यावर ९ पाशी नीट बसली. म्हणजे तक्ता जुन्या पट्टीचा आहे, पट्टी नवी आहे. कागद आणि तक्ता मिळूनच हे मोजमापाचे साधन होते. एक बदलून दुसरे तसेच ठेवले तर हातात उरतो तो नुसता रंगीत कागद.

तोवर वर्ग थांबवता येईना, म्हणून मुलांना मी जांभळ्या कोबीचा अर्क करायला लावला. पाने चिरून गरम पाण्यात ठेवली, पाणी गडद जांभळे झाले. व्हिनेगरमध्ये ते लालसर गुलाबी झाले, सोड्याच्या द्रावणात निळे, चुन्याच्या निवळीत हिरवे. हळदीचा कागदही सोड्याच्या द्रावणात तांबूस झाला. कोबीच्या अर्कावरून अचूक आकडा काढता येत नाही, तो दोन दिवसांत खराबही होतो, आणि पाने किती घेतली यावर रंगाची छटा बदलते. आकडा हवा असतो म्हणूनच तर आम्ही आपल्या पट्ट्या घेतो. पण आम्ल कुठले आणि आम्लारी कुठले, एवढे कोबीने चोख सांगितले. लिटमससुद्धा मूळचा लायकेनपासून (दगडफुलापासून) काढलेला नैसर्गिक रंगच आहे आणि त्यानेही या द्रावणात निळा कौल दिला. आपली पट्टी एकटी उलटे सांगत होती.

आता आपल्या उत्तराविषयी. पट्टी जास्त वेळ भिजली असावी, असे आपण लिहिले. पट्टी एक सेकंद बुडवून अर्ध्या मिनिटात, दिवसाच्या उजेडात पाहिली आहे. डबीवरची सूचना तीच आहे. डब्यांचे सील त्याच दिवशी फोडले होते आणि जवळपास आम्लाची किंवा अमोनियाची बाटली उघडी नव्हती. दुसरे, ऊर्ध्वपातित पाण्यात पट्टी बुडवून ७ येते का ते पाहा, असा सल्ला आपण दिलात. ही चाचणी मी मुलांनाही करू देत नाही. असे पाणी उघडे राहिले की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि त्याचा सामू ५.६ च्या जवळ उतरतो. शिवाय त्यात सामू स्थिर धरून ठेवणारे काही नसल्याने पट्टीवरचा रंगच त्या पाण्याचा सामू हलवतो. दर्शक पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीच्या तंत्र विभागाकडून हे उत्तर यावे याचे मला फार वाईट वाटले.

तिन्ही डब्या बदलून मिळाव्यात आणि नव्या डब्यांत त्याच खेपेच्या पट्ट्यांवरून तयार केलेला रंगतक्ता असावा. खेप क्रमांक व वापराची अंतिम तारीख सध्या फक्त बाहेरच्या खोक्यावर आहे. खोके टाकून दिले की काहीच कळत नाही. ती तक्त्यावरही छापावी. या खेपेतल्या डब्या ज्या ज्या शाळांना गेल्या त्यांना आपण स्वतः कळवावे, कारण तिथेही कुणीतरी डोळ्यांना नीट दिसलेला आकडा खोडत असेल. दोष नेमका कशाने आला ते मला लेखी कळावे. मुलांनी विचारले आहे आणि मी त्यांना सांगेन असे म्हटले आहे.

प्रात्यक्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर आहे. त्याआधी डब्या पोचल्या नाहीत तर सामूचा प्रयोग मला यंदा वगळावा लागेल.

आपली,
विज्ञान शिक्षिका

सोबत: प्रत्येक डबीतल्या पाच न वापरलेल्या पट्ट्या हवाबंद पिशवीत, उरलेल्या जुन्या पट्ट्यांपैकी दोन, एक रंगतक्ता, आणि बफर द्रावणांतल्या पट्ट्यांचे उजेडात काढलेले फोटो.