वयाच्या माथी सगळं मारू नका

तीर्थरूप आई-बाबा,
सा. नमस्कार.

मागच्या भेटीपासून एक गोष्ट मनातून जात नाही. बाबा, खुर्चीतून उठताना तुम्ही दोन्ही हात टेकता, पुढे झुकता, पहिल्यांदा उठणं होत नाही, मग जोर लावून उभे राहता. आई, तू जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतेस. दोघांचं म्हणणं एकच, "वय झालं आता."

मला ते पुरतं पटत नाही. मार्च 2020 च्या आधी तुम्हाला 'चाला जरा' असं कुणी सांगावं लागत नव्हतं. बँकेत खेप, वाचनालयात पुस्तक बदलणं, कुणाच्या आजारपणात चौकशीला जाणं, वाटेत कुणी भेटलं की उभ्याउभ्या गप्पा. चालणं त्यातच होऊन जायचं. मग महामारी आली आणि बाहेर पडायला कारणच उरलं नाही. बिलं फोनवर, औषधं दारात, माणसं व्हिडिओ कॉलवर. तेव्हा ते योग्यच होतं, कारण तुमच्या वयाला धोका सगळ्यांत जास्त होता. पण 5 मे 2023 ला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, तरी तुमच्या खेपा काही परत सुरू झाल्या नाहीत.

उतारवयात स्नायू फार लवकर झडतात. एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना 10 दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळपास 1 किलो मांस गेलं. तुम्ही अंथरुणाला खिळला नव्हता, पण महिनोन्‌महिने खुर्ची ते पलंग एवढंच चाललं होतं ना! आणि गेलेली ताकद परतही येते, अगदी नव्वदीतल्या माणसांनाही व्यायामानं ती आलेली आहे.

पासष्टीपुढे आठवड्याला निदान 150 मिनिटं चालणं आणि 3 दिवस तोल-ताकदीचे व्यायाम, असं आरोग्य संघटना सांगते. मिनिटं मोजून तुम्ही चालाल असं मला वाटत नाही. कामासाठी मात्र नक्की चालाल. म्हणून बाबा, या महिन्यापासून विजेचं बिल मी इथून भरणार नाही, तुम्ही जाऊन भरा. आई, मैत्रिणीशी तासभर फोनवर बोलतेस, त्यातला एखादा दिवस तिच्या घरी जा. आणि हात न टेकता खुर्चीतून उठण्याचा सराव दोघांनीही करा, सुरुवातीला शेजारी भिंत असू द्या.

त्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, आईच्या चक्करेबद्दल विशेष करून. ते काय म्हणाले ते रविवारी फोनवर सांगा.

तुमची लेक