युट्रेक्टच्या तहात कॅटलन लोकांचं काय झालं तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला स्पॅनिश वारसायुद्धावरचा लेख वाचला, आवडला, मराठीत या विषयावर फार कमी वाचायला मिळतं. ब्लेनहाइमची लढाई, सेनापती मार्लबरो आणि प्रिन्स यूजीन सगळं छान आलंय. पण शेवटी "१७१३ च्या युट्रेक्टच्या (नेदरलँड्समधल्या शहरातल्या) तहाने युद्ध संपले" असं एका ओळीत उरकलं ते खटकलं. कोणाचं संपलं? बार्सिलोनात तर त्यानंतर वर्षभर तोफा धडाडत होत्या.

१७०० मध्ये स्पेनचा राजा दुसरा कार्लोस निपुत्रिक वारला, मृत्युपत्रात गादी फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या नातवाला, फिलिपला दिली, आणि ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक चार्ल्स म्हणाला की हक्क माझा, इथवर लेखात आहेच. पण १७०५ मध्ये जेनोआला इंग्लंडने कॅटलन लोकांशी (म्हणजे बार्सिलोना ज्या कॅटलोनियात आहे तिथल्या लोकांशी) करार केला त्याचा उल्लेखच नाही! तुम्ही चार्ल्सच्या बाजूने उठा, आम्ही सैन्य देतो, आणि युद्धाचा निकाल काहीही लागो तुमचे कायदे न् हक्क शाबूत राहतील, असा शब्द दिला होता. त्या भरवशावर ते उठले.

मग १७११ ला ऑस्ट्रियाच्या घराण्यातला सम्राट जोसेफ देवीच्या रोगाने गेला, त्याचा भाऊ म्हणून चार्ल्सच सम्राट झाला, आता ऑस्ट्रिया आणि स्पेन एकाच माणसाकडे जाणं लंडनला परवडणारं नव्हतं, शिवाय तिथल्या टोरी पक्षाच्या सरकारची फ्रान्सशी आतून बोलणी आधीपासूनच चालू होती. मे १७१२ मध्ये इंग्रज सेनापती ऑर्मंडला गुप्त हुकूम गेला की लढाई टाळा, आणि हे फ्रेंचांना कळवलं पण सोबत लढणाऱ्या मित्रांना नाही. दोनच महिन्यांत उत्तर फ्रान्समधल्या देनांला फ्रेंच सेनापती व्हिलारने त्या मित्रांना धुतलं. याला मी तरी दगाच म्हणेन.

तहात स्पेनची गादी फिलिपकडेच राहिली, इंग्लंडला जिब्राल्टर मिळालं, मिनोर्का मिळालं, स्पॅनिश अमेरिकेत गुलाम पुरवायचा ३० वर्षांचा ठेका मिळाला. आणि कॅटलन लोकांना काय, तर कॅस्टिलच्या (स्पेनच्या मधल्या राज्याच्या) प्रजेला जे हक्क तेच यांना, म्हणजे यांचे स्वतःचे कायदे गेले! तरी बार्सिलोना शरण गेलं नाही, जुलै १७१३ पासून फिलिपच्या सैन्याचा वेढा सोसला. ११ सप्टेंबर १७१४ ला शेवटचा हल्ला झाला तेव्हा शहराचा प्रमुख राफेल कासानोवा शहराच्या संरक्षक संत युलालियाचा झेंडा घेऊन तटावर गेला आणि तिथे जखमी झाला. शहर पडल्यावर फिलिपने किल्ला बांधायला ला रिबेरा वस्तीतली शेकडो घरं पाडली, त्यांचे पाये आजही तिथल्या बोर्न भागातल्या जुन्या मंडईच्या छपराखाली बघता येतात. बार्साच्या (बार्सिलोनाच्या फुटबॉल क्लबच्या) मॅचला १७ मिनिटं १४ सेकंद झाली की स्टेडियममध्ये कॅटलोनियाच्या स्वातंत्र्याच्या घोषणा २०१२ पासून होऊ लागल्या त्या याच १७१४ सालामुळे, आपल्याकडची किती पोरं ती मॅच बघतात पण त्यांना हे कोणी सांगत नाही.

लेखकांना विनंती, दुसरा भाग लिहा आणि तो बार्सिलोनाच्या बाजूने लिहा. पुरवणीत जागा नसेल तर क्रीडा पानावर छापलात तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली