भाड्याच्या घराचा नळ, फ्लश आणि करार

आइंडहोवन, नेदरलँड्स
मे महिन्याची अखेर

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. नमस्कार.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या तुमच्या भाड्याच्या फ्लॅटचा अकरा महिन्यांचा करार संपत आलाय. नव्या करारात दुरुस्तीचं कलम नीट लिहून घ्या, हे आधी सांगतो. इथे 2003 च्या शासकीय आदेशात भाडेकरूने स्वतः करायच्या कामांची यादीच आहे: नळाचे वॉशर, बल्ब, बिजागऱ्या-कुलपांना तेल, खिळ्यांची भोकं बुजवणं, आतला रंग, घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरमधली हवा काढणं, हात पोचेल तिथवर तुंबलेला सांडपाण्याचा पाइप मोकळा करणं. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर आहे. नोटीस दिल्यावर 15 दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. मात्र हे भाडेकरूसाठी, तेही करारात उलट काही नसेल तर. तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे नुसत्या राहायच्या परवानगीचा, त्यात तुम्ही कायद्याने भाडेकरू ठरत नाही; म्हणून कागदावर काय लिहिलंय यालाच महत्त्व. गच्चीची गळती, बाहेरची भिंत, भिंतीतले पाइप आणि मुख्य वायरिंग मालकाकडे, बाकी किरकोळ तुमच्याकडे, असं स्पष्ट लिहा.

आता मोरीतला नळ. पाणी तोंडातून ठिबकत असेल तर वॉशर गेलाय. मुठीखालून झिरपत असेल तर वॉशर बदलून उपयोग नाही, तिथलं पॅकिंग किंवा ओ-रिंग (रबराची गोल रिंग) बदलावी लागते. आधी त्या लाइनचा कॉक बंद करून नळ उघडा ठेवायचा, म्हणजे उरलेलं पाणी निघून जातं. मूठ काढून पान्ह्याने वरचा भाग सोडवला की स्पिंडलच्या, म्हणजे मुठीबरोबर फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकाला वॉशर दिसेल. तो दुकानात नमुना म्हणून न्या, अर्ध्या इंचाच्या नळातही माप थोडं वेगळं निघतं. वॉशर बसतो ती पितळी बैठक बोटाने चाचपून बघ. खड्डे पडले असतील तर नवा वॉशरही थोड्याच दिवसांत कापला जातो. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वॉशर नसतो, सिरॅमिकचा अख्खा स्पिंडलच बदलतात. आणि ठिबकतोय म्हणून नळ जोर लावून आवळू नका, रबर त्यानेच फाटतं.

पूर्ण नळ बदलायचा झाला तर आट्यांची बाजू आपल्याकडे धरून टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली की आवळताना ती सुटत जाते. भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या एल्बोत (वाकड्या जोडात) नळ बेताने आवळ. एल्बो तडकला तर भिंत फोडावी लागते.

फ्लशची गळती ऐकू येत नाही, पण गच्चीवरची टाकी रिकामी करते. वहिनी, फ्लशच्या टाकीत नीळ चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर खालचा रबर वॉशर खराब. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून जात असेल तर फ्लोट (टाकीतला तरंगता गोळा) खाली करा, पाण्याची पातळी नळीच्या तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर खाली राहायला हवी.

सिंक तुंबलं तर खाली बादली ठेवून सिंकखालचा बाटलीसारखा ट्रॅप (गाळ अडकतो तो भाग) हातानेच उघडतो; आतलं तुपट साफ करा आणि रबराची रिंग जशी निघाली तशीच बसवा. ॲसिड ओतू नका. त्यावर ब्लीचिंग पडलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे मुलांनाही सांगा.

बेडरूमच्या ओलीवर रंग मात्र लावू नका. पाणी बाहेरून येतंय, पापुद्रे पुन्हा सुटतील. पाऊस सुरू व्हायच्या आत फोटो काढून मालकाला लेखी कळवा आणि पोच घ्या.

आईबाबांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
संदीप