फोटो छापणाऱ्या लॅबवाल्या दादांना, त्या दोन प्रिंटांबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

आभाराचा विषय काढला की तुम्ही "चाय घेवा आधी" म्हणून तो उडवून लावता. म्हणून लिहून कळवतोय, आणि सगळ्यांसमोर.

आम्ही म्हणजे मालवण, देवगड, कणकवली, वेंगुर्ला पट्ट्यातले छोटे स्टुडिओवाले. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, दशावताराच्या रात्री, होमस्टेच्या खोल्या, हापूसच्या खोक्यांची लेबलं, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. कमाई तुळशीच्या लग्नानंतरची आणि मग एप्रिल-मेची. पावसाळ्यात दुकान उघडं असतं एवढंच. फोटो सुधारायच्या प्रोग्रॅमच्या सबस्क्रिप्शनचा हप्ता मात्र बारा महिने. त्यात तो प्रोग्रॅम ठरावीक दिवसांनी परवाना तपासायला इंटरनेट मागणार, आणि नेमकी तेव्हा लाइट गेलेली, टॉवर बंद. फोटोशॉप एकदा विकत घेऊन कायम वापरायची सोय सीएस 6 बरोबर, म्हणजे 2012 च्या आवृत्तीबरोबर संपली, हे आम्हालाही ठाऊक होतं. पुढे काय, हे विचारायला माणूस नव्हता.

म्हणजे, माणसं होती. एकाने "सगळे हेच वापरतात" म्हणत क्रॅक, म्हणजे चोरटी प्रत, टाकून द्यायची तयारी दाखवली. अट एकच, आधी अँटिव्हायरस बंद करा. ज्या मशीनवर लोकांच्या लग्नाचे फोटो आहेत, त्या मशीनवर! दुसऱ्याने सगळ्यात मोठ्या प्लॅनचं कोटेशन पुढे सरकवलं. पैसे महिन्याला भरायचे असले तरी करार वर्षाचा असू शकतो आणि मध्येच सोडला तर उरलेल्या रकमेतला मोठा हिस्सा कापला जातो, एवढं सांगायला त्याच्याकडे वेळ नव्हता.

तुम्ही मात्र पहिलं वाक्य बोललात ते असं: "आधी काम दाखवा, मगे सॉफ्टवेअराचा बघूया." आणि आमच्यातला सगळ्यात अवघड फोटो मागितलात. दशावतार, लाल एलईडीखाली उभा राजा. तीच रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची, फाइल एकदा सबस्क्रिप्शनवाल्या प्रोग्रॅममधून काढलीत, एकदा रॉ सुधारायच्या फुकटच्या डार्कटेबलमधून. दोन्ही एसआरजीबी या एकाच रंगपद्धतीत, दोन्ही 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), कागद एकच, आणि मशीनचं ऑटो करेक्शन बंद, नाहीतर लॅबच दोघांना सारखं करून टाकते. मागच्या बाजूला बारीक मार्करने खूण केलीत. बॉलपेन दाबलं की पुढे वळ उमटतो म्हणून. मग काउंटरवरचा कॅल्क्युलेटर बाजूला सरकवून दोन्ही प्रिंट ट्यूबलाइटखाली न ठेवता दाराशी उजेडात मांडल्यात आणि म्हणालात, "खयचो बरो, सांगा." आमच्यात एकमत होईना. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तुम्ही एकही प्रिंट उलटली नाहीत, की चेहऱ्यावर काही दाखवलं नाहीत. प्रिंटांचे पैसेही घेतले नाहीत.

एवढंच. पण आम्हाला पटवायचा प्रयत्न न करता आमच्याच डोळ्यांवर सोडून दिलंत, हे आधी कुणी केलं नव्हतं. "विश्वास ठेवा" म्हणणारे पुष्कळ भेटतात, "स्वतः बघा" म्हणणारा विरळा. एसटीच्या स्टँडवर, तहसीलदार कचेरीत, बँकेत, कुठेही असा एखादा भेटला की अर्धं काम तिथेच होतं.

तुम्ही सांगितलेलं आता इतरांच्याही उपयोगी पडावं म्हणून इथे मांडतो. चुकलं तर कान धरा.

लाल एलईडीचा फोटो कुठल्याच सॉफ्टवेअरने पूर्ण वाचत नाही, हे तुम्ही आधीच स्पष्ट केलंत. रेड चॅनेल कापला गेला की मुकुटाची जर, कपाळाचा रंग आणि शालू सगळं एक ठिगळ होतं. त्यामुळे उपाय रंगमंचासमोरच करायचा: कॅमेऱ्यात साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) न बघता लाल-हिरवा-निळा असा वेगवेगळा लावायचा, लाल उजव्या भिंतीला टेकला तर एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा. त्यानंतर डार्कटेबलमध्ये एक्सपोजर वर घेऊन उजेड-अंधार जुळवणारं सिग्मॉइड मॉड्यूल लावायचं. मशाली किंवा मावळतीचा सूर्य असेल तर त्यातली प्रिझर्व्ह ह्यू (मूळ रंगछटा राखायची) पट्टी 100 वरून खाली आणायचं, म्हणजे ज्वाळा गुलाबी न दिसता पिवळी दिसते. पोफळीच्या बागेत चेहऱ्यावर येणारी हिरवट झाक अख्ख्या फोटोचा व्हाइट बॅलन्स बदलून घालवू नका, साडीचा रंग बिघडतो. डार्कटेबलच्या कलर कॅलिब्रेशन मॉड्यूलला फक्त चेहऱ्यापुरता मास्क लावा. आठ जीबी रॅमच्या मशीनवर डीनॉइझ (फोटोतले दाणे घालवणं) सगळ्यात शेवटी चालू करा, नाहीतर प्रत्येक पट्टी सरकवताना वाट बघत बसावं लागतं.

पासपोर्टसाठी गिम्प हा फुकटचा प्रोग्रॅम पुरे, यावर तुम्ही ठाम होतात. 35 बाय 45 मिलिमीटर म्हणजे 300 डीपीआयला 413 बाय 531 पिक्सेल. 4 बाय 6 इंची कागद 1800 बाय 1200 पिक्सेलचा. त्यात आठ बसतात आणि कापायला मध्ये अडीच मिलिमीटरच्या आसपास फट उरते. फसतं ते प्रिंटला. बॉर्डरलेस काढताना मशीन फोटो किंचित फुगवून कडा कापतं, आणि 35 चे 36 होतात. ऑनलाइन फॉर्मला त्याने काही बिघडत नाही, पण कागदी अर्जाच्या चौकटीत फोटो बसत नाही आणि गिऱ्हाईक परत येतं. शंभर टक्के आकारावर, बॉर्डर ठेवून काढायचा. आणि गिम्पमध्ये सेव्ह केलं की एक्ससीएफ, म्हणजे गिम्पची स्वतःची, फाइल होते; जेपीजीसाठी एक्सपोर्ट, तिथे सबसॅम्पलिंग 4:4:4, म्हणजे रंगाची माहिती न गाळता, नाहीतर लाल साडीचा काठ पसरतो.

अल्बमच्या बाबतीत तुम्ही गिम्पची बाजू घेतली नाहीत, हे आम्हाला विशेष आवडलं. विकत घेतलेल्या पीएसडी (फोटोशॉपच्या) टेम्प्लेटमधले स्मार्ट ऑब्जेक्ट आणि लेयर स्टाइल गिम्पमध्ये धड येत नाहीत. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीत ती बरीच शाबूत उघडतात, आणि फाइल कुठे अपलोड होत नाही, आपल्याच मशीनवर राहते. 12 बाय 36 इंचांचं पान म्हणजे 10800 बाय 3600 पिक्सेल. एवढ्या कामाला अ‍ॅफिनिटी हा डिझाइनचा प्रोग्रॅम जास्त सुटसुटीत. ते आधी एकदाच पैसे भरून घ्यायचं होतं, ऑक्टोबर 2025 च्या अखेरीपासून कॅनव्हाचं खातं उघडून फुकट मिळतं. एआयच्या सोयींना तेवढे पैसे.

पण अ‍ॅफिनिटीत मराठी! दुसऱ्या आवृत्तीपर्यंत तरी "चि. सौ. कां." टाइप केलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि "श्री" फुटतो. नवरीच्या नावाचं असं झालेलं पान छापून आलं की गिऱ्हाईक दारात उभं. तुमचा तोडगा: मजकूर इंकस्केप या फुकटच्या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये मुक्तासारख्या युनिकोड फाँटमध्ये लिहायचा, ऑब्जेक्ट टू पाथ करायचं, म्हणजे अक्षरांचं चित्र होतं, एसव्हीजी करून पानावर ठेवायचा. पाथ केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपायची आणि नावं आधी घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवायची. (फोटोशॉपमध्येही वर्ल्ड-रेडी लेआउट (भारतीय लिप्यांसाठीची सेटिंग) निवडला नाही तर हाच गोंधळ होतो, हे क्रॅकवाल्याला कधीच सुचलं नसतं.) गिम्पमध्ये देवनागरी मुळातच नीट जुळते.

आणि सगळ्यात मोलाचं: घाईत जुनं बंद करू नका, असं बजावलंत. लाइटरूम क्लासिकची वर्गणी संपली तरी कॅटलॉग उघडतो, फोटो बघता येतात, एक्सपोर्टही होतात. डेव्हलप, म्हणजे फोटो सुधारायचा भाग, मात्र बंद. तिथली एडिटिंग दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जशीच्या तशी जात नाही. म्हणून वर्गणी चालू असतानाच सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस करायचं, म्हणजे रेटिंग आणि कीवर्ड फाइलींसोबत लिहिले जातात. तयार कामं पूर्ण दर्जाच्या जेपीजीत काढायची, ज्यांवर पुन्हा हात फिरवायचा असेल ती 16 बिट टिफमध्ये. बदलायचं ते पावसाळ्यात, लग्नसराईच्या तोंडावर नाही.

एका गोष्टीत अजून तुमची गरज लागणार. हापूसची लेबलं ऑफसेटला जातात, तिथे सीएमवायके (छपाईच्या चार शाया) लागतं आणि गिम्पमध्ये काम आरजीबीतच (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्यात) चालतं. स्क्रीनवरचा तो केशरी पिवळा शाईत उतरत नाही, मळका होतो. सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर कसं दिसेल याची पडद्यावरची नक्कल) लावून आधी बघायचं हे कळलं, पण त्यासाठी प्रेसच्या मशीनची रंगांची प्रोफाइल फाइल हवी, आणि ती मागितली की प्रेसवाले "तसला काय नसता" म्हणतात. तुमची त्यांच्याशी ओळख आहे. आंब्याच्या हंगामाआधी एकदा शब्द टाकाल तर बरं होईल. प्रिंटांचे पैसे या खेपेला घ्यावे लागतील.

आपले,
सिंधुदुर्गातले काही छोटे स्टुडिओवाले