‘डी’ची पुडी रोज घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साठी उलटलेल्या बहुतेक स्त्रियांच्या औषधांच्या डब्यात हल्ली कॅल्शियम, ‘डी’ जीवनसत्त्व, लोह असं काही ना काही असतंच. बऱ्याचदा ते जुन्याच चिठ्ठीवर चालू राहिलेलं असतं, नाहीतर शेजारणीने सुचवलेलं. ‘ताकदीचंच तर आहे, त्याने काय बिघडणार?’ हा समज आम्हा औषधविक्रेत्यांना रोज ऐकावा लागतो.

सर्वांत मोठा घोळ ६०,००० युनिटच्या ‘डी’च्या पुडीचा. कमतरता असेल तर ती सहसा आठवड्यातून एकदाच आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. पण बाकीच्या गोळ्यांसोबत ती रोज दुधातून घेतली जाते. हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठतं. मग रक्तातलं कॅल्शियम वाढतं. तहान लागते, सारखी लघवी होते, शौचाला साफ होत नाही, मळमळतं, बोलण्यात गोंधळ होतो. घरचे म्हणतात, ‘वय झालं आता.’ तोवर मूत्रपिंडाला इजा होत असते. अशी लक्षणं दिसली तर पुडी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं; रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) तपासलं की उलगडा होतो. बीपीसाठी थायाझाइड गटातली गोळी चालू असेल तर धोका अधिक, कारण ती लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवते.

मोठ्या डोसने हाडं जास्त बळकट होतात असंही नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिले. २०१० साली निष्कर्ष आले तेव्हा त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं, दोन्ही वाढलेलं होतं.

पाकिटावर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ.’ लिहिलेलं असतं, त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ. एका वेळी शरीर साधारण तेवढंच नीट शोषतं, म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. ही गोळी जेवणासोबत घ्यावी. थायरॉइडची गोळी सकाळी घेत असाल तर कॅल्शियम आणि लोह त्यानंतर किमान चार तासांनी. नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही, टीएसएच (थायरॉइड कमी पडतंय हे दाखवणारा रक्तातला आकडा) वाढतो आणि डोस उगाच वाढवला जातो.

लोहाबाबत तर आमची कळकळीची विनंती आहे. पाळी थांबल्यावर हिमोग्लोबिन कमी झालं, तर रक्त कुठून जातंय हे आधी शोधायला हवं. जठरातला व्रण असेल, आतड्याचा कर्करोगही असू शकतो. लोहाच्या गोळीने हिमोग्लोबिन तात्पुरतं सुधारतं आणि मूळ आजार झाकला जातो. शिवाय तिच्यामुळे शौचाला काळं होतं, म्हणून रक्तस्रावाने आलेला काळेपणाही गोळीच्याच खाती जातो.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर आणि आम्ही पुडीच्या पाकिटावर मराठीत ठळक लिहावं : ‘फक्त रविवारी. अमुक तारखेनंतर बंद.’

आपला,
एक औषधविक्रेता