वाऱ्याची दिशा शिकविणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यातील जंगलात वनखात्याची चाकरी करून आपण आता घरी विसावला आहात. आपले आभार मी घरी येऊनही मानू शकलो असतो. तरी हे पत्र सर्वांसाठी लिहीत आहे, कारण हरणे पाहण्याची जी विद्या आपण मला दिलीत ती बेळगाव-खानापूर पट्ट्यातील नवशिक्या मुलांपर्यंत पोहोचावी, असे मनापासून वाटते. जंगलाची हौस लागलेले तरुण आजही पहिला प्रश्न शिकारीचाच विचारतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांबर, चितळ, भेकर (भुंकणारे छोटे हरीण) आणि पिसोरी (सशाएवढे इवलेसे हरीण) या सर्वांची शिकार गुन्हा ठरविली आहे, हे आपण त्यांना स्पष्ट शब्दांत सांगत होता. आणि त्याच बैठकीत जुन्या शिकाऱ्यांना अवगत असलेले वारा ओळखणे, माग काढणे, दबा धरून बसणे हे सारे बंदुकीवाचून कसे वापरावे, तेही शिकवीत होता. दुसरा कोणी असता तर नुसता दम देऊन त्यांना परत पाठविले असते.

आपल्या शिकवणीत वाऱ्याला पहिला मान होता. चुलीतील बारीक राख फडक्याच्या पुरचुंडीत बांधून आपण कमरेला ठेवीत होता आणि थोड्या थोड्या अंतरावर थांबून चिमूटभर राख बोटांतून सोडीत होता. ती ज्या बाजूला झुकेल त्या बाजूच्या जनावराला आपला वास लागलाच म्हणून समजावे, मग झाडाआड कितीही लपलो तरी उपयोग नाही, असे आपले सांगणे असे. जांबोटी-कणकुंबीकडील डोंगरउतारांवर भल्या पहाटे गार हवा खाली ओहोळाकडे वाहते आणि ऊन चढून उतार तापला की तीच हवा वर सरकू लागते. म्हणून पहाटे जनावराच्या खालच्या अंगाने जावे आणि ऊन वर आल्यावर वरच्या अंगाने, हा आपला नियम मी आजवर मोडलेला नाही. कपड्यांबाबतही आपण काटेकोर होता. हरणाला तांबडा आणि नारिंगी रंग नीट वेगळा ओळखता येत नाही, परंतु निळा आणि पांढरा चटकन दिसतो. त्यामुळे मातकट किंवा हिरवट कपडे घालावेत, आणि त्याहूनही अधिक काळजी हालचालीची घ्यावी, कारण स्थिर उभ्या माणसाकडे पाहूनही हरीण पुष्कळदा पुन्हा चरू लागते, मात्र नुसता हात वर गेला तरी ते उधळते.

मागाचा धडा आपण ओहोळाच्या काठच्या चिखलात गुडघे टेकून दिला होता. सांबराचा खूर लांबट, सात-आठ सेंटीमीटरांचा. चितळाचा पाचेक सेंटीमीटरांचा आणि पुढे टोकदार. भेकराचा जेमतेम तीन. आणि पिसोरीचा तर माणसाच्या अंगठ्याच्या नखाएवढा. खुरांच्या मागे बाजूला फाकलेली दोन टिंबे उमटली असतील तर ते रानडुक्कर समजावे. ठशाची कड बोटाने हलकेच चाचपून ती धारदार आहे की ढासळू लागली आहे, त्यावर कोळ्याने जाळे विणले आहे का, दबलेली गवताची पाती पुन्हा उभी राहिली आहेत का, हे पाहून जनावर रात्री गेले की नुकतेच, याचा अंदाज आपण बांधीत होता. झाडाच्या सालीवर शिंगे घासल्याच्या खुणा आणि सांबर लोळलेली चिखलाची डबकीही आपण दाखविलीत. सांबर आणि चितळ नरांची शिंगे ठरावीक काळाने गळतात आणि मखमली कातडीखाली पुन्हा वाढतात. परंतु गळालेले शिंग सापडले तरी ते घरी आणून ठेवणे कायद्यात बसत नाही, हे आपण प्रत्येक वेळी आवर्जून बजावीत होता.

कानाने जंगल वाचणे मला सर्वांत अवघड गेले. भेकर कशालाही भुंकते आणि एकदा सुरू झाले की बराच वेळ थांबत नाही, त्यामुळे त्यावर फार विसंबू नये. सांबराचा 'पोंक' असा धोक्याचा आवाज मात्र सहसा वाया जात नाही, बिबट्या, वाघ किंवा कोळसुंदे (रानकुत्रे) जवळपास आहेत असे धरून जागीच थांबावे. वानरे झाडावर असतील तर खाली चितळ शोधावे, कारण वानरांनी पाडलेली फळे-पाने चितळ खातात आणि धोक्याची वर्दीही दोघे एकमेकांना देतात.

सुरक्षेविषयी आपण जे सांगितलेत त्याचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. करवंदाची जाळी आणि वारूळ दिसले की अस्वल असू शकते, तेव्हा मोठ्याने खाकरून पुढे जावे. हरीण निघून गेले तरी चालेल. आवाज न करता चालण्याचा सराव झालेल्या माणसाला हे पटवून घेणे सोपे नाही, आणि म्हणूनच ते वारंवार सांगावे लागते. दुसरी गोष्ट गोचिडांची. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला, गोचिडांच्या चाव्यातून होणारा माकडताप आता आपल्या सीमाभागातही आढळतो आणि डिसेंबर ते मे या काळात त्याचा जोर असतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजार मोज्यांत खोचावी, गवतात बसू नये, घरी परतताच गरम पाण्याने अंघोळ करून अंग तपासावे, मेलेले माकड दिसल्यास हात न लावता कळवावे आणि ताप आल्यास जंगलात गेल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे, हे सारे मी आता प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

२०११ साली घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात आणि लगतच्या राखीव जंगलात परवानगीशिवाय पाऊल टाकायचे नाही, ही आपली अटही आम्ही पाळतो. पावसाळा सरल्यावर काही मुलांना रीतसर परवानगी काढून हेमाडग्याच्या बाजूला नेण्याचे ठरविले आहे. आपल्या गुडघ्यांना त्रास होत नसेल तर एक दिवस आमच्यासोबत यावे; चालणे जमत नसेल तर निघण्याआधी मुलांना आपल्या अंगणात आणतो, त्यांना वाऱ्याचा धडा आपणच द्यावा. आपण मला जे दिलेत त्याबद्दल मी आपला कायमचा ऋणी आहे.

आपला कृपाभिलाषी,
बेळगावातील आपला एक विद्यार्थी